पदव्युत्तर पदवी की पीएच.डी.? पदवीनंतरच्या वळणावरचा निर्णय

दहावी-बारावीनंतर काय करावे, याविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते. मार्गदर्शन मेळावे भरतात, पुस्तिका निघतात, घरोघरी चर्चा झडतात. पदवी हाती आल्यानंतरच्या निर्णयाबाबत मात्र तेवढी जागरूकता आढळत नाही. 'पुढे एम.एस्सी. करू, मग बघू' किंवा 'एकदम डॉक्टरेटच करून टाकावी' अशा दोन टोकांमध्ये हा प्रश्न निकाली काढला जातो. वास्तविक या वळणावर घेतलेला निर्णय विद्यार्थ्याच्या आयुष्यातील पुढची दोन ते सात वर्षे बांधून टाकणारा असतो. वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय पुढे कमाई कधी सुरू होणार, घरची जबाबदारी कधी उचलता येणार आणि कोणत्या नोकरीचे दार उघडणार वा बंद होणार, हे ठरवतो.

एकेकाळी या निर्णयात निवडीला फारसा वाव नव्हता. पदवी, पदव्युत्तर पदवी, क्वचित एम.फिल. आणि नंतर पीएच.डी. अशी ती ठरलेली पायऱ्यांची वाट होती. आता ती तशी उरलेली नाही. एकात्मिक पीएच.डी., चार वर्षांची ऑनर्स पदवी, अभियांत्रिकी पदवीनंतर थेट संशोधन असे अनेक मार्ग खुले झाले आहेत. पर्याय वाढले की गोंधळही वाढतो. म्हणूनच नियम काय आहेत, खर्च काय आहे आणि कोणत्या मार्गात कोणता धोका आहे, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

दोन पदव्या, दोन हेतू

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. पीएच.डी. म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रमाची लांबलेली आवृत्ती नव्हे. एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. वा एम.टेक. या पदव्यांमध्ये विद्यार्थी विषयातील उपलब्ध ज्ञान अधिक खोलवर आत्मसात करतो. अभ्यासक्रम आखून दिलेला असतो, परीक्षेची तारीख ठरलेली असते आणि दोन वर्षांनी निकाल हाती येणार, याची बऱ्याच अंशी खात्री असते.

पीएच.डी.चे स्वरूप याहून मूलतः भिन्न आहे. तिथे उत्तर आधी कोणालाच माहीत नसते. कित्येकदा प्रश्नही नेमका ठरलेला नसतो. तो शोधण्यात पहिले वर्ष-दीड वर्ष निघून जाते. प्रयोग फसतात, माहिती जुळत नाही, आपल्याच विषयावर दुसऱ्या देशातील कोणी आधी शोधनिबंध प्रसिद्ध करतो. वर्गातील पहिला क्रमांक या कामात उपयोगी पडतोच असे नाही. चिकाटी, एकट्याने काम करण्याची तयारी आणि अपयश पचवण्याची ताकद यांची कसोटी तिथे लागते. परीक्षेत उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी संशोधनात रमेलच असे नाही, आणि मध्यम गुणांचा एखादा विद्यार्थी प्रयोगशाळेत आपली चमक दाखवतो, हा अनेक मार्गदर्शकांचा अनुभव आहे.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.विषयक नवे विनियम अधिसूचित केले. सध्याच्या निर्णयप्रक्रियेचा पाया हेच विनियम आहेत. त्यातील प्रमुख तरतुदी अशा :

• तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, अथवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पीएच.डी.साठी पात्र ठरतो.

• चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची पदवी किमान ७५ टक्के गुणांसह मिळवणाऱ्याला पदव्युत्तर पदवीशिवाय थेट प्रवेश घेता येतो.

• अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग (उन्नत व प्रगत गट वगळून), दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना पाच टक्के गुणांची सवलत आहे.

• अभ्यासक्रमाचा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या उमेदवारांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे.

• महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा घेता येते.

• याच विनियमांनी एम.फिल. बंद केले. शोधप्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही पूर्वीची सक्तीही काढून टाकण्यात आली.

प्रवेशाच्या पद्धतीतही बदल झाला आहे. जून २०२४ च्या सत्रापासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचा निर्णय आयोगाने घेतला. उत्तीर्णांचे तीन गट केले गेले : अधिछात्रवृत्ती आणि सहायक प्राध्यापकपद या दोन्हींना पात्र असणारे, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेशाला पात्र असणारे, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशाला पात्र असणारे. शेवटच्या दोन गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश असून हे गुण प्रवेशासाठी एक वर्षच ग्राह्य राहतात. चार वर्षांच्या पदवीच्या अंतिम टप्प्यातील विद्यार्थ्यांनाही ७५ टक्क्यांच्या अटीवर ही परीक्षा देण्याची मुभा मिळाली आहे.

चौथ्या वर्षाचा पेच

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधून आलेली चार वर्षांची पदवी हा या चर्चेतील नवा आणि महत्त्वाचा घटक आहे. दिल्ली विद्यापीठाने ती २०२२ मध्ये सुरू केली. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी आधी आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून नवी रचना स्वीकारली. त्यामुळे तिसऱ्या वर्षाअखेर बाहेर पडून दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यायची, की चौथे वर्ष पूर्ण करून एक वर्षाची पदव्युत्तर पदवी अथवा थेट पीएच.डी. गाठायची, हा प्रश्न आता सामान्य महाविद्यालयातील विद्यार्थ्यापुढेही उभा राहणार आहे.

चौथ्या वर्षाचेही दोन प्रकार आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यांना संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. तीत प्रकल्पकार्य आणि प्रबंधाला १२ श्रेयांक असतात. इतर विद्यार्थी प्रबंधाऐवजी नेहमीचे विषय घेऊन ऑनर्स पदवी मिळवू शकतात. पीएच.डी.चा विचार असणाऱ्याने पहिला प्रकार निवडणे हिताचे. कारण तो प्रबंध म्हणजे संशोधनाची गोडी आपल्याला आहे की नाही, हे कमी खर्चात आणि कमी वेळात तपासून पाहण्याची संधी असते.

मात्र येथे एक मेख आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी. करण्याचा मार्ग कागदावर आकर्षक दिसतो. एक-दोन वर्षे वाचतात. परंतु विद्यापीठे व महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकपदासाठीच्या २०१८ च्या विनियमांत ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी ही मूळ अट आहे. त्या अटीच्या जोडीला नेट वा सेट उत्तीर्ण असणे किंवा पीएच.डी. असणे अपेक्षित धरले आहे. (थेट भरतीसाठी पीएच.डी.ची सक्ती जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आली.) म्हणजेच पदव्युत्तर पदवी न घेता डॉक्टरेट मिळवणाऱ्याने आपली पात्रता त्या-त्या वेळच्या नियमांत बसते काय, याची खातरजमा आधीच करून घ्यावी. अध्यापन हेच ध्येय असेल, तर पदव्युत्तर पदवी पदरात पाडून घेणे अधिक सुरक्षित.

एकात्मिक पीएच.डी. : मधला मार्ग

तीन वर्षांची बी.एस्सी. करून संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी एकात्मिक पीएच.डी. हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पुण्याची आयसर आणि मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा नामवंत संस्थांत तो उपलब्ध आहे. मुंबईच्या आयआयटीतही काही विभागांत एम.एस्सी. आणि पीएच.डी. असा दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम चालतो. यांपैकी अनेक ठिकाणी प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा ग्राह्य धरली जाते. टाटा संस्थेच्या प्रवेशपरीक्षा विषयानुसार वेगळ्या असतात, तर भौतिकशास्त्रासाठी जेस्ट ही संयुक्त चाचणी अनेक संशोधन संस्था विचारात घेतात.

या अभ्यासक्रमात पहिली दोन वर्षे साधारणतः पदव्युत्तर शिक्षणाची असतात. विविध प्रयोगशाळांत थोडा थोडा काळ काम करण्याची सोय असते आणि त्यानंतर मार्गदर्शक निश्चित होतो. विद्यावेतन पहिल्या दिवसापासून मिळते. बहुतेक ठिकाणी सुरुवातीच्या वर्षांत ते कमी असते आणि पुढे नियमित संशोधकाइतके होते. वाटेत पदव्युत्तर पदवीही मिळत असल्याने वर उल्लेखिलेली पात्रतेची अडचण उद्भवत नाही. संशोधन आपल्याला जमणार नाही असे लक्षात आल्यास पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोयही अनेक संस्थांत आहे.

त्रुटी एकच, परंतु ती लहान नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी सहा-सात वर्षांसाठी एका संस्थेशी बांधून घ्यावे लागते. ज्याने प्रयोगशाळेचे तोंडही नीट पाहिलेले नाही, अशा विद्यार्थ्याने केवळ संस्थेच्या नावलौकिकावर भाळून हा निर्णय घेणे धोक्याचे. अशा विद्यार्थ्यासाठी चांगल्या विभागातील दोन वर्षांची एम.एस्सी. आणि तिच्यातील प्रकल्प हीच योग्य तयारी होय.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे गणित वेगळे

बी.ई. वा बी.टेक. झालेल्यांना चार वर्षांची व्यावसायिक पदवी आधीच हाती असते आणि नोकरीची संधीही समोर असते. त्यामुळे त्यांच्यापुढे तिहेरी निवड असते : नोकरी, एम.टेक. किंवा थेट पीएच.डी.

एम.टेक.साठी गेट उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाचा दर गेली अनेक वर्षे लागू आहे. दोन वर्षांत ही रक्कम तीन लाखांच्या आतच राहते. याउलट थेट पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्या बी.टेक. पदवीधराला आयआयटीसारख्या संस्थेत पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. केवळ हा फरक पाहून पीएच.डी.कडे वळणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात. वर्ष-दोन वर्षांत त्यांतील काही जण अभ्यासक्रम सोडतात वा एम.टेक.मध्ये रूपांतर करून घेण्याची धडपड करतात. सर्वच संस्थांत असे रूपांतर शक्य नसते, याची माहिती प्रवेशापूर्वीच घेतलेली बरी.

उद्योगक्षेत्राच्या दृष्टीने पाहता रचना, उत्पादन, बांधकाम, माहिती तंत्रज्ञान अशा बहुतेक क्षेत्रांत एम.टेक. पुरेशी ठरते. अर्धसंवाहक, नवीन पदार्थ, कृत्रिम बुद्धिमत्तेतील मूलभूत संशोधन, औषधनिर्मितीतील नव्या रेणूंचा शोध अशा निवडक क्षेत्रांत मात्र पीएच.डी.ला खास मागणी असते.

पैशांचा हिशेब

मध्यमवर्गीय वा ग्रामीण कुटुंबात हा निर्णय बौद्धिक असण्यापेक्षा आर्थिकच अधिक असतो आणि त्यात गैर काही नाही. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ३५,००० वरून ४२,००० रुपये झाली. पहिली दोन वर्षे कनिष्ठ आणि पुढील तीन वर्षे वरिष्ठ दराने हिशेब केल्यास पाच वर्षांत एकूण २४ लाख रुपये होतात. घरभाडे भत्ता वेगळा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ७०,००० रुपये असा त्याहून मोठा दर ठेवण्यात आला होता.

हे आकडे दिसतात तितके निश्चिंत करणारे नाहीत. एक तर अधिछात्रवृत्ती सर्वांना मिळत नाही. नेट उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी मोजक्यांनाच ती लाभते आणि आयोगाच्या परीक्षेत तिच्यासाठी वयाचीही अट आहे. सर्वसाधारण गटासाठी ही मर्यादा ३० वर्षांची आहे. दुसरे म्हणजे रक्कम दरमहा वेळेवर जमा होईलच याची शाश्वती नसते. विलंबाच्या तक्रारी संशोधक विद्यार्थी सातत्याने मांडत आले आहेत. तिसरे म्हणजे अधिछात्रवृत्तीला पाच वर्षांची मर्यादा असते, पीएच.डी. मात्र सहा-सात वर्षे लांबू शकते. शेवटच्या त्या वर्ष-दीड वर्षात हातात पैसा नसतो आणि प्रबंधही पूर्ण व्हायचा असतो. अनेक संशोधने नेमकी याच टप्प्यावर रखडतात.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था त्या-त्या समाजघटकांतील संशोधकांना पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. पहिल्या पिढीतील शेकडो संशोधकांना या योजनांनी हात दिला आहे. तथापि लाभार्थ्यांची संख्या आणि अटी यांत गेल्या काही वर्षांत वारंवार बदल झाले आणि त्यावरून आंदोलनेही झाली. केंद्राची अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती तर २०२२ मध्ये बंदच करण्यात आली. म्हणून कोणत्याही योजनेच्या भरवशावर प्रवेश घेण्यापूर्वी चालू वर्षाची जाहिरात पाहणे, आणि शक्य असल्यास नुकताच लाभ घेतलेल्या विद्यार्थ्याशी बोलणे अगत्याचे आहे.

परदेशाचा विचार

परदेशी शिक्षणाच्या बाबतीत या दोन पदव्यांतील फरक अधिकच ठळक होतो. अमेरिकेत पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीची पूर्वअट बहुधा नसते. पदवीनंतर थेट प्रवेश मिळू शकतो. शिक्षणशुल्क माफ होते आणि अध्यापन वा संशोधन साहाय्याच्या मोबदल्यात निर्वाहवेतन मिळते. मास्टर्स अभ्यासक्रम मात्र बहुतांशी स्वखर्चाचा असतो. म्हणजे जिथे कालावधी मोठा तिथे खर्च विद्यापीठाचा, आणि जिथे कालावधी लहान तिथे कर्ज विद्यार्थ्याच्या वडिलांच्या नावावर, असा हा उलटा व्यवहार आहे. भारतातील तीन वर्षांची पदवी तेथील सर्वच विद्यापीठे समकक्ष मानत नाहीत, ही बाब बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतील पदवीधरांना शिक्षणानंतर बारा महिने आणि त्यापुढे वाढीव चोवीस महिने काम करण्याची मुभा तेथील नियमांत आहे. कर्ज काढून मास्टर्सला जाणाऱ्यांचा सारा हिशेब या तीन वर्षांच्या कमाईवर बेतलेला असतो. हा हिशेब धोरणांच्या वाऱ्यावर अवलंबून असतो, हे २०२५ ने दाखवून दिले. त्या वर्षी संघराज्य सरकारच्या संशोधन निधीतील कपातीमुळे अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा घटवल्या, आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली.

जर्मनीत परिस्थिती निराळी आहे. तिथे पीएच.डी.साठी सर्वसाधारणपणे पदव्युत्तर पदवी लागते. परंतु बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत मास्टर्सचे शिक्षणशुल्क नसते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो भरावे लागतात, असे काही अपवाद आहेत. पुढे पीएच.डी.चा संशोधक अनेकदा पगारी कर्मचारी म्हणून नेमला जातो. ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षात आणि पीएच.डी. तीन ते चार वर्षांत पूर्ण होते. मात्र निधी मिळवणे तेथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी कठीण असते.

पीएच.डी. झाल्यावर पुढे काय?

हा प्रश्न प्रवेश घेण्यापूर्वी विचारायचा असतो. बहुतेक जण तो प्रबंध सादर केल्यावर विचारतात. राज्यातील वरिष्ठ महाविद्यालयांत पूर्णवेळ प्राध्यापकभरती दीर्घकाळ रेंगाळत आली आहे. डॉक्टरेट आणि नेट दोन्ही असलेले उमेदवार तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात वर्षानुवर्षे शिकवताना दिसतात. पदवी उच्च, पण उन्हाळी सुट्टीत उत्पन्न शून्य, अशी त्यांची स्थिती असते. विज्ञानशाखांत तर पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षांचे पोस्ट-डॉक्टरल संशोधन केल्याशिवाय चांगल्या संस्थेत निवड होणे अवघड झाले आहे. म्हणजे एकविसाव्या वर्षी बी.एस्सी., तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी पीएच.डी. आणि बत्तिशीच्या आसपास पहिली स्थिर नोकरी, असा हा प्रवास आहे.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. संशोधन संस्थेत काम करण्यासाठी डॉक्टरेट असलीच पाहिजे असे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून अभियांत्रिकी पदवीधर व विज्ञानातील पदव्युत्तरांना निवडून वैज्ञानिक अधिकारी घडवत आले आहे. नोकरीत असताना होमी भाभा राष्ट्रीय संस्थेमार्फत पीएच.डी. करण्याची सोय तेथे आहे. इस्रोतही वैज्ञानिक-अभियंता म्हणून अभियांत्रिकी पदवीधरांची भरती होते. आधी नोकरी आणि नंतर संशोधन, हा क्रम घरची जबाबदारी असलेल्यांना सोयीचा ठरतो. २०२२ च्या विनियमांनी अर्धवेळ पीएच.डी.लाही मान्यता दिली असून त्यासाठी नियुक्त संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक आहे.

मार्गदर्शकाची निवड

विद्यापीठाचे नाव आणि विषय यांपेक्षाही पीएच.डी.चे भवितव्य मार्गदर्शकावर अधिक अवलंबून असते. पदव्युत्तर अभ्यासक्रमात एखादे प्राध्यापक पटले नाहीत तर एक विषय कंटाळवाणा होतो, पीएच.डी.त मार्गदर्शकाशी जमले नाही तर पाच वर्षे जड जातात. नियमानुसार प्राध्यापकाला एकावेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधकच घेता येतात. ही संख्या भरली आहे काय, त्यांच्याकडील याआधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, किती जण मध्येच सोडून गेले, आणि आज ते कुठे आहेत, या चार गोष्टी विचारून घ्याव्यात. उत्तरे मार्गदर्शकांकडून नव्हे, तर त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांकडून घ्यावीत. मार्गदर्शकांच्या निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत, हे पाहण्यातही संकोच बाळगू नये.

महाराष्ट्रातील तीन वाटा

या निर्णयाची गुंतागुंत आजचीच आहे असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम.ए. झाले. पुढे ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईत अध्यापन करून, पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. कोलंबियाची पीएच.डी. प्रत्यक्ष हाती पडली ती १९२७ मध्ये. शिष्यवृत्तीची मुदत आणि संशोधनाची गरज यांचा मेळ न बसणे, ही व्यथा शंभर वर्षांपूर्वीचीही आहे.

कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बी.एस्सी. होऊनही स्त्री म्हणून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारण्यात आला. त्या ठाम राहिल्या, तेव्हा पहिले वर्ष परीक्षणाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. १९३६ मध्ये एम.एस्सी. आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. असा त्यांचा पुढील प्रवास झाला. पदव्युत्तर संशोधनाची ती वर्षेच त्यांच्या डॉक्टरेटचा भक्कम पाया ठरली.

तिसरे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन आलेल्या कोसंबींनी डॉक्टरेट केलीच नाही. तरीही फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले व भारतीय इतिहासलेखनाला नवी दिशा दिली. विद्वत्ता पदवीवर अवलंबून नसते, याचे ते उदाहरण. मात्र आजच्या नियमांत त्यांना सहायक प्राध्यापकपदासाठी अर्जही करता आला नसता, हेही तितकेच खरे.

निर्णयापूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न

१) किमान दोन-तीन महिने प्रत्यक्ष संशोधनाचा अनुभव घेतला आहे काय? नसल्यास उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करावा. भारतातील विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्तीसारख्या योजना त्यासाठीच आहेत.

२) कोणत्या विषयावर काम करायचे आहे, ते चार वाक्यांत सांगता येते काय? 'जीवशास्त्रात काहीतरी' हे उत्तर पदव्युत्तर पदवीसाठी चालेल, पीएच.डी.साठी नाही.

३) हव्या असलेल्या नोकरीच्या जाहिरातीत कोणती पात्रता मागितली आहे? गेल्या वर्षभरातील पाच जाहिराती काढून वाचाव्यात.

४) पुढील पाच वर्षे घरी पैसे पाठवले नाहीत तर चालेल काय? घरच्यांशी याविषयी स्पष्ट बोलणे झाले आहे काय?

५) निर्णय चुकला असे वाटल्यास बाहेर पडण्याचा सन्मान्य मार्ग त्या अभ्यासक्रमात आहे काय?

६) नोकरी मिळत नाही म्हणून, वा लग्नाचा विषय लांबवण्यासाठी म्हणून तर हा प्रवेश घेतला जात नाही ना? मुलींच्या बाबतीत शेवटचे कारण अनेकदा खरे असते आणि ते समजण्याजोगेही आहे. परंतु पाच वर्षे टिकण्यासाठी विषयाचीही ओढ लागते.

पहिल्या पाचपैकी चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी व ठाम असतील, आणि सहाव्याचे उत्तर मनापासून 'नाही' असेल, तर एकात्मिक वा थेट पीएच.डी.चा मार्ग निःशंकपणे धरावा. उत्तरे डळमळीत असतील तर पदव्युत्तर पदवीची दोन वर्षे वाया जाणारी नाहीत. विषय, मार्गदर्शक आणि स्वतःचा स्वभाव पारखण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. त्या काळात जॅम, गेट, नेट-सेट यांची तयारीही करता येते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि अध्यापनाच्या दृष्टीने ती मोलाची आहे.

पदव्युत्तर पदवीनंतर थांबणे म्हणजे अपयश नव्हे आणि पीएच.डी. म्हणजे प्रतिष्ठेचा शिक्काही नव्हे. गावात वा नातलगांत नावामागे 'डॉक्टर' लागण्याचे कौतुक चार दिवसांचे असते. प्रयोगशाळेतील वा ग्रंथालयातील दिवस मात्र दीड-दोन हजार असतात. ते दिवस कशासाठी घालवायचे, याचे उत्तर प्रवेशअर्ज भरण्याआधी ज्याच्यापाशी असते, त्याचा निर्णय सहसा चुकत नाही.